जुलैची छाटणी

गेट लावून घे, नेस्टा म्हणते,
आणि तिचा भाऊ इलिड कडी दोनदा ओढून बघतो.
पलीकडे मेंढ्या उभ्या, तोंडं हलवत.

एकदा ते उघडं राहिलं होतं.
नेस्टा तेव्हा अकरा वर्षांची. सकाळी
चर्चच्या भिंतीशी तीन मेंढ्या आडव्या,
एकीच्या दातांत अजून यूची डहाळी,
ओली, घास अर्धा राहिल्यासारखी.
वडील काही बोलले नाहीत.
खड्डा तेवढा खोल खणला,
कुत्र्यालाही लागू नये इतका.

वेल्समध्ये थडग्यांपाशी हेच झाड असतं.
का, ते म्हातारे आपापल्या परीनं सांगतात:
गेलेल्यांना सोबत म्हणून,
नाहीतर गुरांनी आत शिरू नये म्हणून.
पान विषारी, साल विषारी, बी विषारी.
बीभोवतीचा लाल गर तेवढा गोड;
पाखरं तो खातात आणि बी जशीच्या तशी
दुसऱ्याच्या शेतात टाकून येतात.

जुलैत लॉरी येते. ताडपत्र्या पसरतात.
यंदाचीच कोवळी फूट हवी,
माती लागलेली चालत नाही,
ढीग आतून तापला तर माल परत.
पैसे मिळतात, फार नाही,
चर्चच्या गळक्या पन्हळीपुरते.
पोती पुढे कुठे जातात
ते नेस्टानं वीस वर्षांत विचारलं नव्हतं.

मार्चमध्ये कळलं.
हेरफर्डचं इस्पितळ, चार नंबरची खुर्ची,
खिडकीतून दिसतो तो गाड्यांचा तळ.
मारिबेल नावाची नर्स, मूळची इलोइलोची,
हातांवर बर्फाचे मोजे चढवते, नखं वाचावीत म्हणून,
जन्मतारीख विचारते,
मग औषधाचं नाव वाचते, जिभेला ठेच लागेल असं.
कशाचं करतात हे? नेस्टानं विचारलं, गप्पांसाठी.
झाडाचं. कुंपणाला लावतात ना,
ते काळपट हिरवं.

नेस्टा इतकी हसली की
शेजारच्या बाईनं टोपी सावरत डोळे उघडले.
अगं, त्या झाडानं आमच्या तीन मेंढ्या मारल्यात!
मारिबेलची नजर थेंबांवर.
मेंढ्यांना, ती म्हणाली,
कुणी मोजून दिलं नव्हतं.

मात्रा. एवढाच काय तो फरक.
उंची, वजन, रक्तातल्या पांढऱ्या पेशी,
आणि तासाभरात संपणारी
पाण्यासारखी दिसणारी पिशवी.

पेशी दुभंगायला निघाली की आत दोर ताणते,
काम झालं की सोडते.
हे औषध दोर सुटूच देत नाही.
मांडव उभा, वऱ्हाड ताटकळलेलं,
लग्न लागत नाही आणि मांडवही उतरत नाही.
पण दोर काय फक्त गाठीतच असतात?
केसांच्या मुळाशी असतात,
बोटांच्या टोकांपर्यंत गेलेले असतात.
चहा आता नाण्यासारखा लागतो.

कुठल्या सालची छाटणी ही? कुणाच्या कुंपणाची?
मारिबेलला माहीत नाही. कुणालाच नाही.
सगळ्यांची पोती एकाच ढिगात पडतात.

आई गेली ती याच दुखण्यानं.
तिसऱ्या झाडाखाली आहे ती.
झाड तेव्हाही इथंच होतं,
एवढंच उंच, एवढंच काळं.
नेस्टा यावर फार विचार करत नाही.
एकदा केला होता, रात्री, सकाळपर्यंत.

यंदा शिडी इलिडची. ती खाली बसून
पोत्यांची तोंडं बांधते,
गाठी सैल पडतात, पुन्हा बांधते.
गाठ लहान झालीय, डॉक्टर म्हणाल्या परवा.
नेस्टानं त्यापुढच्या शब्दाची वाट पाहिली.
डॉक्टरांनी पुढची तारीख दिली.

लॉरी गेली. हवेत चिरलेल्या पाल्याचा वास.
नेस्टा गेटपाशी येते, कडी सरकवते.
बोटांना कळत नाही, लागली की नाही.
मग ती वाकून डोळ्यांनी बघते,
हलवून कानांनी ऐकते,
आणि तरी जरा वेळ
गेटला पाठ टेकून उभी राहते.
मेंढ्या जवळ येतात.
तिचे रिकामे हात हुंगतात.